कमलाबाईंचा बटाटा

कमला सोहोनी म्हटलं की सत्याग्रहाची गोष्ट हमखास निघते. महिलादिनाच्या भाषणात तर ती ठरलेलीच. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. झालेली मुलगी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी अर्ज करते. संचालक सी. व्ही. रामन मुलगी म्हणून नाकारतात. ती तिथं जाऊन हटून बसते. शेवटी एक वर्ष पारखून घेऊ, मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये, असल्या अटींवर प्रवेश मिळतो. वडील आणि काका त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले, म्हणजे ती घरच्याच वाटेनं निघाली होती! अटी अपमानाच्या होत्या; तिनं त्या गिळल्या आणि काम करून दाखवलं. पुढं रामन यांनी मुलींना दार उघडलं.

गोष्ट खरी आहे, पण ती इथंच संपते याचा मला राग येतो. बाईनं दार कसं ठोठावलं हे आपण कौतुकानं सांगतो. आत जाऊन तिनं काय केलं, हे विचारायचं राहूनच जातं.

कमलाबाई माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. जन्म आमच्या इंदूरचा. बंगळूरला त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. मग केंब्रिज. तिथं हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत आधी रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम. हिल वनस्पतींचे माणूस. इथं बटाटा आला.

मैत्रिणींनो, चिरलेला बटाटा पाण्यात टाकला नाही तर काळा पडतो, हे कुणालाही सांगायला नको. त्यातलं एक विकर हवेतला ऑक्सिजन घेऊन हा रंग आणतं. त्या काळी काही शास्त्रज्ञांना वाटे, बटाटा श्वाससुद्धा याच विकराच्या जोरावर घेत असावा. प्राण्यांचं आणि यीस्टचं मात्र निराळं माहीत होतं. केंब्रिजच्याच केलिन यांनी १९२५ मध्ये त्यांच्या पेशींतली सायटोक्रोम नावाची रंगद्रव्यं पुढं आणली होती. आग लागली की विहिरीपासून माणसांची रांग लागते आणि घागरी हातोहात पुढं जातात, तसं हे काम. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एक सायटोक्रोम घेतं, पुढच्याला देतं. घेणारा-देणारा हात म्हणजे त्यातला लोखंडाचा अणू. रांगेच्या टोकाला सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर उभं असतं. ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करतं आणि पाणी तयार होतं. याच देवघेवीतून शरीराला शक्ती मिळते.

हीच रांग बटाट्यासारख्या झाडांतही आहे, हे दाखवण्यात कमलाबाईंचा वाटा. एका जागी मुळं रोवून बसलेलं झाड आणि धावणारं जनावर, दोघांच्या श्वासाचा शेवट एकाच रीतीनं होतो. आज शेवाळापासून माणसापर्यंत हे पाठ्यपुस्तकात असतं. तेव्हा ते शोधावं लागलं होतं.

आमच्या घरात बटाटा येत नाही. कंदमूळ, अनंतकाय. म्हणून या शोधाशी माझं जरा वेगळंच नातं जुळलं, एवढं म्हणते. यातून धर्माचा पुरावा काढायला मी बसलेली नाही. प्रयोगशाळा आणि पाठशाळा यांची भेसळ मला रुचत नाही.

प्रबंध अवघा चाळीस पानांचा. १९३९ मध्ये डॉक्टरेट. विज्ञानातली पहिली भारतीय स्त्री डॉक्टर असं त्यांना म्हणतात, पण जानकी अम्मल यांना मिशिगनची डी.एस्सी. १९३१ मध्येच मिळाली होती. या पहिल्या-दुसऱ्याच्या हिशेबात मला रस नाही.

नंतर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, १९४७ मध्ये लग्न आणि मुंबई. तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. ते पुष्कळांना ठाऊक आहे, कारण त्यावर राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

बटाट्याच्या कामाचा टिपण्याएवढा लेख १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यावर हिल यांचं नाव आधी, कमलाबाईंचं नंतर. मग महायुद्ध आलं. सविस्तर निबंध छापून यायला १९५१ उजाडलं. त्यावर त्यांचं नाव पहिलं आहे, हिल यांचं दुसरं. लग्नाला चार वर्षं झाली होती, तरी छापलंय ‘भागवत’च.