चार बॅटऱ्या, एक चार्जर

बीडसारख्या गावात धावणाऱ्या ई-रिक्षाच्या सीटखाली पाहिले, तर बहुधा 12 व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसर जोडलेल्या दिसतात. त्या एकाच चार्जरने भरायच्या, की प्रत्येक वेगळी? प्रश्न जुना आहे. प्लांतेने 1859 साली शिशाचा संचायक घट बनवला, ट्रूव्हेने 1881 मध्ये पॅरिसला विजेची तीनचाकी चालवली, तेव्हापासूनचा.

चार्जरला फक्त बेरीज कळते. ती 57.6 व्होल्ट झाली, की त्याच्या लेखी सगळ्या भरल्या. पण एक 15.3 वर आणि उरलेल्या तीन 14.1 वर असल्या तरी बेरीज तीच! एक तापते, तिघी अर्धपोटी.

जुना उपाय सोपा होता. अधूनमधून मंद प्रवाह जास्त वेळ चालू ठेवायचा. भरलेला घट पाण्याचे विघटन करीत बसतो, तोवर मागे पडलेला भरतो. नंतर ऊर्ध्वपातित पाणी घालायचे. (यात हायड्रोजन सुटतो, वर्गात दाखवताना खिडक्या उघड्या, काडेपेटी लांब.)

लिथियमला ही मोकळीक नाही. जादा भरल्यास तो घट पेटू शकतो. त्यामुळे 1 जून 2022 पासून पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या एसटीच्या ‘शिवाई’सारख्या गाड्यांत घटांवर नजर ठेवणारे मंडल लागते.

शिशाच्या रिक्षेला आम्ही एकच चार्जर सुचवू. मात्र महिन्यातून एकदा मल्टिमीटरने चारही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. एखादी मागे असेल, तर जोडणी सोडवून तेवढीच 12 व्होल्टच्या चार्जरवर लावावी. नाहीतर तिच्यापायी उरलेल्या तिघींचेही पैसे जातात.