न्यूपोर्टचे बंडखोर

जुलै १९६०. अमेरिकेतील न्यूपोर्ट जाझ महोत्सव बाजारू झाला आहे, मानधनात काळ्या कलावंतांवर अन्याय होतो, ही चार्ल्स मिंगस व मॅक्स रोच यांची तक्रार होती. विनवण्या न करता त्यांनी क्लिफ वॉक मॅनर हॉटेलच्या आवारात आपला वेगळा महोत्सव भरविला. मंच वादकांनीच उभारला. पैसेही त्यांनीच गोळा केले. दारूड्या तरुणांच्या दंगलीने मुख्य महोत्सव अर्ध्यावर बंद पडला. बंडखोरांचे वादन चालू राहिले. त्यातून निघालेली कलावंतांची संघटना मात्र अल्पजीवी ठरली.

मला येथे भीमराव कर्डकांचा जलसा आठवतो. १९३० च्या दशकात तो गावोगाव फिरला, कारण त्यामागे चळवळ उभी होती. मंच संतापाने उभारता येतो. टिकवायला संघटनाच लागते. आपल्या गायकांच्या पाठीशी आज कोण उभे आहे?