शुक्रावरील जीवसृष्टी : एका अनुमानाचा इतिहास

शुक्र ढगांनी वेढलेला. ढग म्हणजे पाणी आणि पाणी असेल तेथे जीव, या अनुमानाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्वीडिश रसायनज्ञ स्वांटे अऱ्हेनिअस यांनी तेथे दलदल व वनस्पती कल्पिल्या. १९५६ च्या रेडिओ-निरीक्षणांनी त्यास तडा दिला. १९७० साली ‘व्हेनेरा-७’ यानाच्या मापनातून पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४७५ अंश सेल्सिअस ठरले. पृथ्वीवर मात्र १२२ अंशांपलीकडे कोणत्याही सूक्ष्मजीवाची वाढ सिद्ध झालेली नाही. तथापि मोरोविट्झ व सेगन यांनी १९६७ मध्येच हा प्रश्न सौम्य तापमानाच्या ढगांत नेला होता. पुढे १९७३ च्या सुमारास ते ढग गंधकाम्लाचे ठरले. सारांश, उष्णतेने जीवसृष्टी नाकारली ती पृष्ठभागापुरतीच. ढगांविषयीचा निर्णय अम्लता व जलाभाव यांवर अवलंबून आहे.