आंबट रस्सा आणि मांसाचा इतिहास

एखादा पदार्थ देशांतर करतो तेव्हा त्याचे सर्व घटक सारख्याच सहजतेने प्रवास करीत नाहीत. व्हिएतनामी पद्धतीचा गोमांसाचा आंबट रस्सा चंडीगडमधील एखाद्या मराठी घरात शिजवायचे ठरले, तर हा भेद तत्काळ ध्यानात येतो. त्यातील आंबटपणा कोणत्याही वाण्याकडे मिळतो. मांसाला मात्र इतिहासाची आणि कायद्याची संमती लागते.

आंबटाची कथा सोपी आहे. दक्षिण व्हिएतनाममध्ये, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, ‘कान्ह चुआ’ म्हणजे आंबट रस्सा हा नित्याचा पदार्थ आहे. तो बहुधा माशाचा असतो आणि त्यात चिंच, अननस व टोमॅटो पडतात. चिंचेचे झाड मूळचे आफ्रिकेतील. भारतात ते इतके रुजले की अरबांनी तिला ‘हिंदी खजूर’ म्हटले. अननस आणि टोमॅटो अमेरिका खंडातून युरोपीय जहाजांबरोबर आशियात आले. उत्तर व्हिएतनाममध्ये कोकमाच्याच कुळातील एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या रश्श्यात टाकतात. आमसुलाची सवय असलेल्या कोकणी जिभेला त्यात परके असे काही वाटू नये.

गोमांसाचा प्रवास निराळा आहे. व्हिएतनामी शेतकऱ्याच्या लेखीही गुरे हे प्रथम औताचे बळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच सत्ता स्थिरावली, तिच्या भोजनासाठी गुरे कापली जाऊ लागली, आणि उरलेली हाडे व हलक्या प्रतीचे तुकडे स्थानिकांच्या हंडीत पोचले. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेत घडलेले ‘फो’ हे सूप याच घडामोडीचे अपत्य मानले जाते.

इतरांनी टाकलेल्या मांसाची महाराष्ट्रातील कथा अधिक कठोर आहे. मेलेले जनावर ओढण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादले, त्याचे मांस त्यांच्या वाट्याला ठेवले, आणि मग त्याच आहाराकडे बोट दाखवून त्यांना अस्पृश्य ठरवले. 1927 साली महाड येथील परिषदेत मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन झाले. पुढे 1948 च्या आपल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी गोमांसाहार आणि अस्पृश्यता यांच्या संबंधाची ऐतिहासिक मीमांसा केली. मांस सोडणे हा स्वाभिमानाचा निर्णय होता. परंतु त्याबरोबर मांस राखण्याचे व रांधण्याचे ज्ञानही विस्मृतीत जाऊ लागले. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (2015) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची, उन्हात वाळवलेल्या चान्यांची नोंद केली, तेव्हा पूर्णब्रह्माच्या व्याख्येतून कोण वगळले गेले हे मराठी वाचकासमोर आले.

या पार्श्वभूमीवर चंडीगडचे स्वयंपाकघर पाहावे. पंजाबचा गोहत्याबंदी कायदा 1955 चा. 1966 साली केंद्रशासित झालेल्या या शहरालाही तो लागू राहिला. त्यातील ‘गाय’ या संज्ञेत बैल आणि वासरूही येते. म्हैस येत नाही. येथे हा रस्सा करणाऱ्याने बोकडाचे मांस घ्यावे. मांस चिवट असल्यास हाडांसह मंद आचेवर दोन तास तरी शिजू द्यावे. नंतर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, अननसाच्या फोडी आणि टोमॅटो घालावेत. कोळ शेवटी घातला म्हणजे त्याची धार टिकते. आंबवलेल्या माशांचा खारा अर्क नसेल तर चिमूटभर भाजलेली सुकट चालते. वरून मिरची आणि कोथिंबीर.

असा रस्सा मूळ पदार्थाची तंतोतंत प्रतिकृती नव्हे. मात्र हनोईतील हाडे आणि मराठवाड्यातील चान्या एकाच गोष्टीची साक्ष देतात: दुसऱ्याने टाकलेल्यातून ज्यांनी चव निर्माण केली, त्यांचे श्रम पाकशास्त्राच्या ग्रंथांत फार उशिरा उतरतात, आणि पुष्कळदा उतरतच नाहीत. ते लिहून ठेवणे हे इतिहासाचेच काम आहे.