बढतीची कसोटी आणि कसोटीचा न्याय

रेल्वेचा इतिहास म्हटला की १८५३ सालची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्या गाडीची चाके कोणी बसविली, आणि बसविणाऱ्याला पुढे वरची जागा मिळाली की तो आयुष्यभर होता तिथेच राहिला, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज आम्ही त्याच प्रश्नाकडे वळणार आहोत. चिकलठाणा आणि वाळूज येथील कारखान्यांमुळे आपल्या पुंडलिकनगरच्या रहिवाशांनाही फिटर, टर्नर हे शब्द परके नाहीत. म्हणून हा विषय रेल्वेपुरताच आहे असे श्रोत्यांनी मानू नये.

जी. आय. पी. रेल्वेची परळ, माटुंगा येथील वर्कशॉपे म्हणजे मुंबई इलाख्यातील कारागिरीच्या मोठ्या शाळाच होत्या. पण त्या शाळेत इयत्ता कशी चढावी याचा धड नियम नव्हता. खलाशी म्हणून लागलेला मुलगा फिटरच्या हाताखाली हत्यारे देता देता काम शिके. कानस कशी धरावी, कॅलिपर कसा लावावा, हे तो डोळ्यांनी टिपी. पुढची पायरी मात्र मिस्त्रीच्या नि फोरमनच्या शब्दावर अवलंबून असे. जिथे शब्द चालतो तिथे वशिला येतो, आणि वशिल्यामागून दस्तुरी. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात कारखान्यांतील जॉबरांच्या लाचखोरीवर स्पष्ट बोट ठेवले आहे.

या अन्यायाचे सर्वांत खोल रूप आपल्या जवळच्याच मनमाडला उघड झाले. १९३८ च्या फेब्रुवारीत तेथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे विधान सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील बढतीचा हिशेब मांडला होता, तो फारसा कोणी वाचीत नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरची जागाही त्याला क्वचित मिळते, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी कामे करावी लागतात आणि तिथे त्याचा विटाळ होतो. वर्कशॉपांतही वरच्या जागा त्याला बंद. येथे हाताचे कौशल्य कोणी तपासलेच नव्हते. जात तपासली होती.

म्हणून आम्ही म्हणतो की परीक्षेची कल्पना मुळात कामगारांच्या विरुद्ध नव्हती. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याला नियमाचाच आधार असतो. स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७ मध्ये, पहिल्या वेतन आयोगाचा अहवाल आला, आणि अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल अशा पायऱ्या रुळल्या. पायरी चढताना ट्रेड टेस्ट द्यावयाची. उमेदवाराला एक जॉब द्यावयाचा, वेळ ठरवावयाची, माप तपासावयाचे, चार तोंडी प्रश्न विचारावयाचे. उत्तीर्ण झालेल्यांनी आपापल्या ज्येष्ठतेच्या क्रमाने वर जावयाचे.

कागदावर हे निर्दोष दिसते. मग तंटे कशाचे? पहिला तंटा वेळेचा. जागा रिकामी असते, माणूस वरचे काम करीत असतो, पण परीक्षाच भरत नाही. तोवर वर्षे जातात. दुसरा जॉबचा. जन्मभर डब्यांच्या ब्रेकवर काम केलेल्याला भलत्याच शाखेचा जॉब दिला, तर तो नापास होणार हे सांगावयास ज्योतिषी नको. तिसरा परीक्षकाचा. ज्याच्याशी रोज खटके उडतात, तोच गुण देणार. चौथा तंटा तोंडी प्रश्नांचा. ज्याचा हात बोलतो त्याची जीभ अडखळते, त्यातून प्रश्न परक्या भाषेतला.

पर्यवेक्षकांसारख्या निवडीच्या जागांवर हा वाद अधिक तीव्र झाला. तेथील जुन्या नियमात शंभरांपैकी ५० गुण व्यावसायिक ज्ञानाला, १५ सेवेच्या नोंदीला, १५ ज्येष्ठतेला, आणि उरलेले २० व्यक्तिमत्त्व, नेतृत्व, शिक्षण यांना मिळून असत. कानशीने घासलेल्या लोखंडाला गेज लावता येते. व्यक्तिमत्त्वाला कोणते गेज लावावे? निवडीच्या जागांतील राखीव जागांचा प्रश्नही दक्षिण रेल्वेच्या रंगाचारी खटल्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६१ साली न्यायालयाने बढतीतील आरक्षण वैध ठरविले. मनमाडला मांडलेल्या गाऱ्हाण्याची दखल घटनेने घेतली होती. त्यावर आता न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले.

१९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संप लोकांना बोनसच्या मागणीमुळे आठवतो. परंतु कामांचे शास्त्रीय मूल्यमापन करून नवी वर्गवारी करावी, हीही त्या संपाची एक प्रमुख मागणी होती. संप वीस दिवसांत मागे घ्यावा लागला, हजारो तुरुंगात गेले. पण प्रश्न मेला नाही.

संघटनांतही या बाबतीत दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, ज्येष्ठता हाच नियम असावा. तिच्यात कोणाला हात घालता येत नाही. या म्हणण्यात अनुभवाचे शहाणपण आहे. परंतु ब्रेक ज्येष्ठता ओळखत नाही. तो चुकीचा बसला तर गाडीतील शेकडो जिवांशी गाठ आहे, आणि त्यांत आपलेही आप्त असतात. म्हणून परीक्षा नको, ही मागणी आम्हांला पटत नाही. परीक्षा ठरल्या वेळी व्हावी, ती रोजच्या कामावर आधारलेली असावी, परीक्षक दुसऱ्या शॉपचा असावा, प्रश्न कामगाराच्या भाषेत विचारावेत, आणि नापास झालेल्याला आपला जॉब कुठे चुकला हे दाखवावे, ही मागणी मात्र सोडता कामा नये. कामगाराच्या कामाचे माप घेणाऱ्याने आपले मापही तपासून घ्यावयास हवे. एवढे झाले, तर हरलेला माणूसही दुसऱ्या दिवशी कामावर ताठ मानेने येईल, आणि पुन्हा परीक्षेला बसेल.