वोख्याची मंडळी

आमच्या घरी नागालँडचा विषय निघाला की दोन तट पडत. थोरले काका फौजेतले. 1964 साली त्यांची तुकडी कोहिम्याच्या बाजूला होती. आजोबा खादीवाले, सर्वोदयी. "अण्णा, बंदुका थांबवल्या त्या पाद्र्यांनी. तुमचे जयप्रकाशजी नंतर आले," काका म्हणायचे. आजोबांना ते पटत नसे आणि खोडूनही काढता येत नसे.

नागा नेते फिझो यांच्या, स्वातंत्र्य मागणाऱ्या नागा नॅशनल कौन्सिलशी लष्कराची झुंज 1956 पासून पेटलेली. 1 डिसेंबर 1963 ला नागालँड राज्य झालं, तरी जंगलातले जंगलातच राहिले. मग दोनच महिन्यांनी वोख्याला बॅप्टिस्ट मंडळ्यांचं अधिवेशन भरलं आणि शांतिमंडळासाठी नावं सुचवली ती चर्चनेच: जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलप्रसाद चालिहा, इंग्रज पाद्री मायकेल स्कॉट आणि आपले शंकरराव देव. देवांचं नाव आलं की आजोबांची मान ताठ व्हायची. प्रत्यक्ष मंडळात तिघेच होते, हे मात्र ते घाईघाईत सांगून टाकत.

स्कॉटनी फिझोंना लंडन गाठायला मदत केली होती. काकांच्या मेसमध्ये त्यांना सरळ हेर म्हणत. पण भूमिगतांचा विश्वास बसेल असा माणूस दिल्लीला कुठून मिळणार होता? खरी पायपीट केली ती लाँगरी आओंसारख्या तिथल्याच पाद्र्यांनी. जंगलातली पोरं आणि कोहिम्यातले मंत्री, दोघंही त्यांच्याच मंडळीतले. त्यामुळे दोघांनाही चार शब्द सुनवायची सोय होती.

6 सप्टेंबर 1964 ला शस्त्रसंधी लागू झाली. रविवार होता. सकाळी बायका पाठीला टोपल्या लावून नाक्यावरून शेताकडे गेल्या, पहाऱ्याकडे ढुंकूनही न बघता, हे काका दर वेळी सांगत. त्या दिवशी त्यांनी रायफल बाजूला ठेवून चहा घेतला म्हणे. साहेबाने पाहिलं नाही, हेही वर.

पुढचं आजोबा सांगत, आवाज खाली आणून. नागांनी स्वेच्छेने भारतीय संघराज्यात यावं, असा मंडळाचा प्रस्ताव होता. तो कुणीच धड उचलला नाही. 1966 मध्ये जयप्रकाश बाहेर पडले, स्कॉटना देशाबाहेर घालवलं. 1972 मध्ये शस्त्रसंधीही संपली.

मला विचाराल तर पाद्र्यांनी त्यांचं काम केलं होतं. बोलणी करायला त्यांनी आठ वर्षं मिळवून दिली. ती वाया घालवली दिल्लीने आणि भूमिगतांनी मिळून. नंतर नागा गट आपसातच एकमेकांना मारू लागले, तेव्हा 2008 मध्ये त्यांना एकत्र बसवायला पुढे आले तेही बॅप्टिस्ट पाद्रीच, वाती आयर. त्यातल्या एका गटाचा दिल्लीशी 2015 मध्ये आराखडा करार झाला. अंतिम करार अजून व्हायचाच आहे.