एकच इंजिन, दोन शक्ती
एरंडोल-पारोळा पट्ट्यात जुनी डिझेल हॅचबॅक घेणाऱ्याला प्रश्न पडतो : ७५ अश्वशक्तीची घ्यावी की ९० ची? मला याचे उत्तर त्या इंजिनाच्या इतिहासात दिसते.

२००७ मध्ये मारुतीची स्विफ्ट डिझेलमध्ये आली, तेव्हा तिच्यात फियाटचे १२४८ सीसीचे इंजिन होते. तेच टाटांच्या विस्टात ‘क्वाड्राजेट’ आणि फियाटच्या पुंटोत ‘मल्टिजेट’ म्हणून ओळखले गेले. २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र २०१४ पर्यंत सरकारच्या हाती राहिले. दोन्हींतली तफावत वाढली आणि कापसाच्या पैशातून गाडी घेणाऱ्यालाही डिझेलच परवडू लागले.

स्विफ्ट ७५ चीच राहिली. पुंटो आणि विस्टात पुढे ९० चा पर्यायही आला. सीसी तेवढेच, मुख्य फरक टर्बोचा. ९० मध्ये टर्बोची पाती वेगानुसार कोन बदलतात, म्हणून ओढ जास्त. पण गाडी सतत गावातल्या गावात हळू फिरली, तर त्या पात्यांवर काजळी बसते, ती अडकतात आणि दुरुस्ती महागात पडते. एरंडोल-जळगावच्या सपाट रस्त्याला ७५ पुरते. भरल्या गाडीने कन्नडचा घाट वारंवार चढणाऱ्याने ९० घ्यावी.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाले आणि या इंजिनाची नवी गाडी मिळेनाशी झाली. आता बाजारातली प्रत्येक गाडी जुनीच. म्हणून अश्वशक्तीच्या आकड्याआधी काळा धूर, टर्बोचा आवाज आणि सर्व्हिसच्या नोंदी तपासाव्यात, असे माझे मत आहे.